अर्ध्या ओळीची जागा

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, २०१६ साली, मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन वर्षही झालं नव्हतं. बाँडचं एक वर्ष सरकारी सेवेत काढायचं, नाहीतर दहा लाख भरायचे. आमच्या घरात दहा लाख कुणी एका जागी पाहिलेले नव्हते, त्यामुळे दुसरा विचार मनात आलाच नाही.

रुग्णालयाच्या टाकीत तीन दिवसांआड टँकर यायचा. बाळंतपणाच्या खोलीला पाणी आधी, मग ड्रेसिंगला, मग बाकी सगळं. एक्स-रेचा तंत्रज्ञ अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला एक बादली पुरवून पुरवून वापरायचा. चांगली धुवायची तर वाहतं पाणी लागतं, असं तो तेव्हाच म्हणाला होता. मी मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. या बादलीचा हिशेब पाच वर्षांनी कोर्टात द्यावा लागेल, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

मे महिन्यातली रात्र, साडेअकराचा सुमार. एक हवालदार पोलिसांची यादी घेऊन आला. यादी म्हणजे अमुक इसमाची वैद्यकीय तपासणी करून दाखला द्यावा, असं ठाण्याचं पत्र. सोबत चाळिशीचा एक माणूस, उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरलेला, आणि मागं त्याची बायको. दोघं ऊसतोडीला जाणारे. तीन एकर जमीन, त्यात विहीर चुलत भावाबरोबर सामाईक. विहिरीला पाणी परसभर उरलेलं आणि थ्री-फेज लाइट रात्री दहाला यायची. त्या रात्री पाणी घ्यायची पाळी यांची होती. चुलत भावानं येऊन मोटारीचा स्टार्टर बंद केला, शब्दाला शब्द वाढला, त्यानं ढकललं, हा विहिरीच्या दगडी थारोळ्यावर, म्हणजे पाणी पडायच्या हौदावर, हात टेकून पडला. पडल्यावर पाठीत दोन लाथा.

यादी आली का, पोलीस आले का, हे न बघता आधी उपचार करायचे, हे १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय. ते आमच्या सरांनी इतक्या वेळा घोकून घेतलं होतं, की हवालदार टेबलावर कागद पसरत असताना मी पेशंटचा शर्ट काढत होते. पाठीवर दोन ताजे, लालसर वळ. गुडघ्याला खरचटलेलं. उजवं मनगट सुजलेलं. मनगट सगळीकडून दाबून पाहिलं, तो गप्प. मग अंगठा ताणायला लावला. अंगठा ताणला की मनगटाशी एक खळगा पडतो, जुनी माणसं तपकिरीची चिमूट तिथं ठेवायची. त्या खळग्यात बोट टेकवलं आणि तो मोठ्यानं ओरडला.

त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, होडीच्या आकाराचं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं, आणि त्याची खोड अशी, की मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांत मोडलेल्या कडांचं हाड थोडं विरघळतं, फट रुंदावते, तेव्हा कुठं ती रेघ फिल्मवर उमटते. तोवर अंगठ्यासकट प्लास्टर घालून वाट बघायची. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूनं, म्हणजे बोटांकडच्या टोकाकडून होतो. प्लास्टर घातलं नाही तर ते बऱ्याचदा जुळत नाही आणि मनगट जन्माचं दुखतं. कोयता धरणाऱ्याचा उजवा हात होता तो.

सकाळी तंत्रज्ञ आल्यावर एक्स-रे काढला. हाड अखंड दिसत होतं.

आता दाखल्याचा कागद. त्यात रकाने असतात: जखमेचा प्रकार, लांबी-रुंदी, जागा, किती वेळापूर्वीची, कशानं झाली असावी, आणि शेवटी तो रकाना, ज्यासाठी सगळे डॉक्टरच्या टेबलाभोवती उभे असतात. साधी की गंभीर. गंभीर दुखापत म्हणजे काय, हे तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३२० मध्ये आठ प्रकारांत दिलेलं होतं. डोळा जाणं, कान जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, असे प्रकार. आठवा प्रकार जिवावर बेतणाऱ्या दुखापतीचा, किंवा जिच्यामुळं वीस दिवस तीव्र वेदना राहतात वा रोजची कामं करता येत नाहीत अशा दुखापतीचा. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हे कलम ११६ आहे आणि वीसाचे पंधरा दिवस झालेत.) तेव्हा साधी लिहिलं तर कलम ३२३, एक वर्षापर्यंत शिक्षा, अदखलपात्र. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद, करून हातात कागद देतात आणि कोर्टात जा म्हणतात. गंभीर लिहिलं तर ३२५, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, पोलिसांना तपास करावाच लागतो. एका शब्दावर एवढं सगळं फिरतं आणि तो शब्द पंचवीस वर्षांच्या, झोप न झालेल्या डॉक्टरनं लिहायचा असतो.

हवालदार वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, गरीब माणूस आहे. गंभीर घाला. नाहीतर हे एनसीवर जाईल अन् तो उद्या परत मारील."

बायको माझ्या पायाशीच बसली. "बाई, तुमच्या एका अक्षरानं आमची पाळी वाचंल."

खरं सांगते, हात थरथरला. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मार खाल्लेला माणूस समोर होता आणि हाड मोडलंय अशी माझी मनापासून शंका होती. शंकेच्या जोरावर 'गंभीर' लिहिलं असतं तर कुणी हटकलंही नसतं. आपल्याकडं सर्टिफिकेट ही द्यायची गोष्ट मानतात, जशी हळदीकुंकवाला ओटी. आजारी रजेचं सर्टिफिकेट, फिटनेसचं सर्टिफिकेट. इंटर्नशिपमध्ये मीही एका ओळखीच्या शिक्षिकेला ताप नसताना चार दिवसांच्या तापाचं लिहून दिलं होतं. लेकराची परीक्षा होती तिच्या, आणि तेव्हा मला ते माणुसकीचं वाटलं होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत खोट्या दाखल्यावर सही करणं हे सरळ गैरवर्तन आहे. तेव्हाच्या दंडविधानाच्या कलम १९७ खाली तर ते खोटी साक्ष देण्यासारखंच होतं. ती कलमं परीक्षेसाठी पाठ होती. त्या सकाळी पायाशी बसलेल्या बाईकडं बघताना ती पहिल्यांदा वजनदार वाटली.

मी शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'मनगटाबाबत मत राखून ठेवले आहे. १२ दिवसांनी फेर-एक्स-रे.' बाकीच्या जखमा साध्या, चोवीस तासांच्या आतल्या, कठीण व बोथट वस्तूनं झालेल्या.

हवालदारानं कागद वाचला आणि काही न बोलता घडी घातली. बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही.

त्याच दिवशी दुपारी चुलत भाऊ आला. त्याच्याकडंही यादी होती. उलटी फिर्याद. यानंच मला रात्री दांड्यानं मारलं, म्हणाला. मांडीवर वळ होता खरा. पण वळ रंग बदलतो. आधी लाल, मग निळा-काळा, चौथ्या दिवसाच्या आसपास तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, मग पिवळा, आणि दोन आठवड्यांत जातो. अंगाचा रंग, मार किती खोल, यानं थोडं मागंपुढं होतं, पण काल रात्रीचा वळ आज दुपारी हिरवा होत नाही. हा हिरवा होता, कडेनं पिवळा पडत चाललेला. मी तसंच लिहिलं: 'रंग हिरवट-पिवळा, अंदाजे पाच ते सात दिवसांपूर्वीची.' त्यानं कागद उलटा धरून विचारलं, "याचा अर्थ काय होतो?" मी सांगितला. तो हसला नाही, चिडला नाही. खिशातून मोबाइल काढून बाहेर गेला.

संध्याकाळी वरिष्ठांचा निरोप आला, कशाला प्रकरण लटकत ठेवता, एक्स-रेत काही नाही तर साधी लिहून मोकळ्या व्हा. ते रागानं बोलले नव्हते. उलट समजावून सांगत होते, की बाँडचं वर्ष सुखानं काढायचं असतं. आता दोन्ही बाजूंना माझ्याकडून एकच हवं होतं, आज, आत्ता, एक पक्का शब्द. तो माझ्याकडं नव्हता. मी कागद बदलला नाही. यात फार धैर्य होतं असं नाही. त्या खळग्यात बोट टेकवल्यावर आलेली ओरड माझ्या कानात होती, आणि ती ऐकल्यावर 'साधी' लिहिणं जमत नव्हतं, फिल्म बघितल्यावर 'गंभीर' लिहिणं जमत नव्हतं.

सूज उतरल्यावर तिसऱ्या दिवशी पक्कं प्लास्टर घातलं. पट्ट्या भिजवायला पाणी ड्रेसिंगच्या वाट्यातलं घेतलं.

बाराव्या दिवशी ती दोघं आली. ओपीडीला दीडशे माणसं. उलट्या-जुलाबाची साथ चालू होती. मी प्लास्टर कापलं, एक्स-रेला पाठवलं, तंत्रज्ञानं ओली फिल्म क्लिपला धरून आणली आणि खिडकीच्या उजेडात ती रेघ दिसली. स्कॅफॉइडच्या कमरेतून आडवी, केसापेक्षा जाड. मी ओपीडीच्या कागदावर लिहिलं, 'प्लास्टर काढले. फेर-एक्स-रे: स्कॅफॉइडचा अस्थिभंग. पुन्हा प्लास्टर.' आणि त्याच दिवशी पुरवणी दाखला दिला. गंभीर.

काय लिहायचं राहिलं, ते वाचणाऱ्यांपैकी डॉक्टर आणि वकील यांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला पाच वर्षं लागली.

पुढं जे होतं ते झालं. ३२५ लागलं, चुलत भावाला अटक होऊन जामीन मिळाला. महिन्याभरात माझ्याविरुद्ध जिल्हा शल्यचिकित्सकांकडं तक्रार गेली, की डॉक्टरबाईनं पैसे घेऊन आधीचा साधा दाखला गंभीर केला. कारणे दाखवा नोटीस हातात पडली तेव्हा मी क्वार्टरमध्ये दार लावून रडले. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पोरी, तू काय लिहिलंस ते मला वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. 'मत राखून ठेवले आहे' या चार शब्दांवर ते थांबले. म्हणाले, "हे पहिल्या दिवशीच लिहिलं होतंस ना? मग खुलासा यातच आहे." ते महसूल खात्यात कारकून होते, आयुष्यभर फेरफाराच्या नोंदी लिहिलेल्या. तीन पानी खुलासा त्यांनी फोनवरच सांगितला. दोन्ही फिल्म जिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी बघितल्या. चार महिन्यांनी तक्रार निकाली निघाली.

समन्स आलं २०२१ च्या नोव्हेंबरात. तोवर माझं पदव्युत्तर शिक्षण होऊन मी लातूरला नोकरीला लागले होते. मधली दोन वर्षं कोरोनानं खाल्ली होती, कोर्टाचीही आणि आमचीही. साक्षीच्या आधी चार दिवस सहायक सरकारी अभियोक्त्यांचा, म्हणजे सरकारी वकिलांचा, फोन आला. मूळ रेकॉर्ड घेऊन या, म्हणाले. मग जरा थांबून, "बचाव पक्षाचा रोख कळलाय. या बारा दिवसांत हा पुन्हा कुठंतरी पडला, फ्रॅक्चर तेव्हाचं आहे, असं ते म्हणणार. प्लास्टर जागच्या जागी होतं, तुटलेलं-भिजलेलं नव्हतं, अशी तुमची नोंद असेलच."

मी म्हणाले, बघते.

"बघा. दप्तर तुमच्याच हातात येणार आहे. काही राहिलं असलं तर बघून घ्या."

त्या माणसाबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही. रोज चाळीस-पन्नास प्रकरणं, साक्षीदार फुटतात, आणि हा एका ऊसतोड मजुराचा खटला सुटू नये म्हणून धडपडत होता.

दोन दिवसांनी मी जुन्या रुग्णालयात गेले. कारकुनानं २०१६ चा गठ्ठा काढून दिला, तांबड्या कापडात बांधलेला, आणि तो चहा सांगायला बाहेर गेला. खोलीत मी एकटी. कागद सापडला. माझंच अक्षर, तेव्हाचं घाईचं. 'प्लास्टर काढले.' त्यापुढं बोटभर जागा. मग खालच्या ओळीत 'फेर-एक्स-रे'.

ती अर्ध्या ओळीची जागा मी किती वेळ बघत बसले होते, कुणास ठाऊक. 'प्लास्टर काढले' याच्या आधी एक शब्द, 'अखंड', नीट बसला असता. नंतर लिहायचं तर 'स्थिती मूळची' एवढं मावत होतं. पेन पर्समध्ये होतं. निळंच.

आणि ते खोटं नव्हतं, हाच तर त्रास होता. प्लास्टर फुटलेलं असतं तर मी लिहिलं असतं, फुटकं प्लास्टर लिहायची सवय हाताला असते. न लिहिणं हाच ते अखंड असल्याचा पुरावा, असं मी स्वतःला सांगत होते. पैसे खाऊन कुणाला अडकवायचं नव्हतं. खरं घडलेलं, फक्त लिहायचं राहिलेलं, ते लिहायचं होतं. समोरचा माणूस खरोखर दोषी होता. हिरवा वळ घेऊन उलटी फिर्याद करायला आला होता तो.

मग मी डोळे मिटून तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. दीडशेची ओपीडी आठवली. खिडकीतली ओली फिल्म आठवली, रेघ आठवली, ती सापडल्याचा झालेला आनंदही आठवला (माणसाचं हाड मोडलेलं बघून आनंद, पण झाला होता). प्लास्टर आठवेना. कात्री हातात होती एवढं आठवलं. ज्या हातावर होतं तो हात आठवला. प्लास्टरचा रंग, त्यावरची माती, कडा, काही म्हणजे काही नाही. जे मला आठवत होतं असं वाटत होतं, ते मला हवं होतं म्हणून तयार झालं होतं.

तिथं मला समजलं, की मी आज त्या कागदावर जो शब्द लिहीन तो २०१६ चा म्हणून वाचला जाईल, आणि तो २०१६ चा नसेल. प्लास्टर अखंड असेलही, तरी माझी नोंद खोटी असेल. तारखेपुरती खोटी. खोटी नोंद करून पुरावा तयार करणं यासाठी दंडविधानात १९२ होतं, लोकसेवकानं चुकीचा अभिलेख बनवणं यासाठी २१८ होतं, पण त्या खोलीत मला कलमांची भीती वाटली नाही. मला 'मत राखून ठेवले आहे' हे चार शब्द आठवले. पहिल्या दिवशी जे दिसत नव्हतं ते मी लिहिलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दाखल्याला किंमत होती, म्हणून तक्रार टिकली नव्हती. आता एक शब्द मागून घातला, तर तो पहिला कागदही त्याच दिवशी खोटा होणार होता, निदान माझ्यापुरता.

कारकून चहा घेऊन आला तेव्हा मी त्याला आधी त्या पानाची झेरॉक्स काढून सत्यप्रत करायला लावली, शिक्का आणि त्याची सही घेऊन. मग चहा प्यायले. अभियोक्त्यांना फोन करून सांगितलं की नोंद नाही. पलीकडं बराच वेळ आवाज आला नाही. मग "ठीक आहे, बघू" म्हणाले.

कोर्टात शपथ झाली, सरतपास, म्हणजे आमच्या बाजूच्या वकिलांचे प्रश्न, झाला, दोन्ही दाखल्यांना निशाणी क्रमांक पडले. दुसरी फिल्म पुढं आली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती तपकिरी पडलेली. २०१६ च्या त्या बादलीभर पाण्यात नीट न धुतली गेलेली, रसायन अंगात राहिलेली फिल्म पाच वर्षांत अशी होते. हाडांच्या बाह्यरेषा दिसत होत्या, ती बारीक रेघ नाही. फट रुंदावलेली होती, म्हणजे मोड ताजी नव्हती, दहा-बारा दिवसांपूर्वीची होती, हे मी फिल्मवर बोट ठेवून सांगू शकले असते. आता बोट ठेवायला जागा नव्हती, आणि 'फट रुंदावलेली' हे शब्दही मी कागदावर लिहिलेले नव्हते.

उलटतपास घेणारे वकील वयस्क, आवाज न चढवणारे.

"पहिल्या एक्स-रेत अस्थिभंग नव्हता, हे म्हणणे बरोबर आहे?"

"दिसत नव्हता. या हाडाचा बऱ्याचदा दिसत नाही."

"मध्ये बारा दिवस गेले. त्या काळात जखमी इसम कुठे होता, काय करत होता, हे आपल्याला माहीत नाही?"

"नाही."

"पुन्हा हात टेकून पडल्यास असा अस्थिभंग होऊ शकतो?"

"प्लास्टर असताना शक्यता खूप कमी आहे. अशक्य म्हणता येणार नाही."

"प्लास्टर अखंड होते, असे आपल्या कागदात कुठे लिहिले आहे?"

"लिहिलेलं नाही."

"आज आपल्याला स्वतंत्रपणे आठवते?"

अभियोक्ता माझ्याकडं बघत होते. मागच्या बाकावर तो माणूस बसला होता, शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून. हो म्हणाले असते तर जगात कुणी मला खोटं पाडू शकलं नसतं.

"खात्रीनं सांगता येणार नाही," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला सांगितलं आणि माझं वाक्य माझ्यासमोर कागदावर उतरलं.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. पाच वर्षांत दहा वर्षांनी थकलेली. मी काय बोलावं ते सुचेना. "अक्का, मला जे आठवत नाही ते मी सांगू शकत नव्हते," एवढं म्हणाले.

ती रागावली नाही. म्हणाली, "बाई, त्या साली ह्यांचा हात गळ्यात. मी एकलीच तोडीला गेले, अर्धा कोयता." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही तशीच मिळते. एकट्या बाईला अर्धी. मग ती म्हणाली, "तुम्ही पिलास्टर कापलं तवा हात मीच धरला व्हता. समदं शाबूत व्हतं. म्या त्येच्यावर हळदीचं बोट लावल्तं, दिष्ट नको म्हणून, ते बी तसंच व्हतं. मला कामून नाही इचारलं?"

मला काही उत्तर देता आलं नाही. तिची साक्ष माझ्या आधीच झाली होती. पाळी कुणाची होती, ढकललं कुणी, लाथा किती, सगळं तिला विचारून झालं होतं. प्लास्टर डॉक्टरांचं, म्हणून ते डॉक्टरला विचारायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी तर सगळ्यात आधी. त्या गठ्ठ्यासमोर बसून डोळे ताणून आठवताना माझ्या मनात एकदाही आलं नाही, की त्या खोलीत आणखी दोन डोळे होते.

मी तिथूनच मागं फिरले आणि अभियोक्त्यांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली अर्ज करता येत होता, तो त्यांनी केला, आणि कोर्टानं मान्यही केला. पण तिची फेरसाक्ष झालीच नाही. तारखेच्या आठवडाभर आधी चुलत भावाकडून माणसं आली. गुन्हा तडजोड करता येणारा होता. विहिरीची पाळी एक रात्र आड, स्टार्टरच्या पेटीला दोन कुलपं, औषधपाण्याचा खर्च, असं स्टँपवर लिहून दोघांनी सह्या केल्या. हे मला अभियोक्त्यांनी फोनवर सांगितलं. हळदीच्या बोटाची गोष्ट चुलत भावाच्या कानावर गेली होती की काय, ते म्हणाले, आणि हसले. मला विचारावंसं वाटलं, त्याचं मनगट आता कसं आहे. ते त्यांना माहीत नव्हतं.

आता मी प्लास्टर कापायच्या आधी थांबते. सोबत जे कुणी असेल त्याला पुढं बोलावते, नीट बघा म्हणते, कुठं तडा, कुठं भिजलंय, कुठं सैल झालंय. मग कागदावर लिहिते आणि बघणाऱ्याची सही किंवा अंगठा घेते. ओपीडीत माणसं खोळंबतात, नर्स कुरकुर करतात. त्यांचंही खरं आहे.

परवा औशाकडची एक आजी नातवाला घेऊन आली होती, झाडावरून पडलेल्या. मी बघायला सांगितलं तर तिनं माझ्या हातातली कात्री बाजूला सारली, पदरानं प्लास्टरवरची धूळ पुसली, त्याचा हात चारी अंगांनी फिरवून डोळ्याजवळ नेऊन पाहिला, आणि मग मला म्हणाली, "हाय तसंच हाय. लिव्ह आता."